नाव माकडाचं, संशय खारीवर

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंची उत्तरं

आधी एक विनंती. कृपया पाकिटात खपल्या घालून पाठवू नका. गेल्या अंकात मंकीपॉक्सबद्दल प्रश्न मागवले होते. एका वाचकांनी प्रश्नासोबत प्लॅस्टिकच्या पुडीत कोपरावरची खपलीच धाडली, वर चिठ्ठी : 'तपासून कळवावे.' मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. घरात सूक्ष्मदर्शक आहे, पण तो नातवाचा, खेळण्यातला. पुडी न उघडता ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली आणि त्या गृहस्थांना जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला कळवलं.

पण खरं सांगायचं तर त्यांची कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. मंकीपॉक्सचा विषाणू देवीच्या घराण्यातला, आणि या घराण्यातले विषाणू चिवट असतात, कोरड्या खपलीत महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना रक्तापेक्षा खपली प्यारी. अमेरिकेत सांता फे इथल्या एका ग्रंथालयात २००३ साली १८८८ सालच्या वैद्यकीय पुस्तकात जुन्या खपल्यांचं पाकीट सापडलं, तेव्हा सरकारी यंत्रणा धावत आल्या होत्या. तुमच्या पोस्टमनवर तशी वेळ आणू नका.

प्रश्न : आमच्याकडे काजूच्या बागेत माकडं मरून पडतात आणि मग 'माकडताप' येतो. आता टीव्हीवर मंकीपॉक्स ऐकतो. हा तोच आजार इंग्रजी नावाने परत आला का? (एक बागायतदार, दोडामार्ग)

उत्तर : नाही, तोच नाही, लांबचा नातेवाईकही नाही. हा प्रश्न शहरातून कुणी विचारला नाही, याचं मला नवल वाटलं नाही. माकडतापाची धास्ती काय असते ते तुम्हालाच ठाऊक.

तुमचा माकडताप म्हणजे क्यासनूर जंगलाचा आजार. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या त्या जंगलात १९५७ साली माकडं पटापट मरू लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. तो विषाणू शोधला पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, जिला आपण सगळे एनआयव्ही म्हणतो. तो डेंगीच्या कुळातला आणि गोचिडीच्या चाव्यातून येतो. त्यात फोड येत नाहीत. एकदम ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, काहींना रक्तस्राव. त्यात माकड खरोखर मरतं, म्हणून मेलेलं माकड ही तुमच्यासाठी धोक्याची घंटा. त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवायचं हे तुम्ही करत असालच.

मंकीपॉक्समध्ये माकड उगाच बदनाम झालं. १९५८ साली सिंगापूरहून जहाजाने कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत माकडं आली, त्यांच्या अंगावर फोड उठले. फोडातून नवा विषाणू मिळाला आणि पहिल्यांदा माकडात दिसला म्हणून माकडाचं नाव चिकटलं. ती त्या आजाराची बळी होती, आपल्यासारखीच. जंगलात हा विषाणू नेमका कुणाच्या अंगात मुक्काम करतो, याचा शोध अजून चालू आहे. संशय आहे तो आफ्रिकेतल्या खारींवर आणि उंदरांच्या जातभाईंवर. १९८५ साली झाईरमध्ये (म्हणजे आजच्या काँगोत) एका आजारी खारीच्या अंगातून हा विषाणू वेगळा करता आला होता. २००३ साली अमेरिकेत तर घाना देशातून शौकापोटी मागवलेले थैलीवाले मोठे उंदीर आणि पाळायचे प्रेअरी डॉग (हा कुत्रा नव्हे, खारीचाच भाऊबंद) एकाच ठिकाणी ठेवले गेले, आणि त्या प्रेअरी डॉगना कुरवाळणाऱ्या माणसांना फोड आले. ४७ जण आजारी पडले. मेलं कुणी नाही.

नावामुळे काय होतं बघा. २०२२ साली ब्राझीलमध्ये लोकांनी माकडांना विष घातलं, दगड मारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने 'एमपॉक्स' हे नवं नाव दिलं. तुमची सगळी पत्रं मंकीपॉक्सच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. पण तुमच्या बागेतल्या माकडांकडून हा आजार येईल ही भीती काढून टाका. आपल्या देशातला पहिला रुग्ण जुलै २०२२ मध्ये केरळात कोल्लमला सापडला. तो संयुक्त अरब अमिरातीतून आलेला प्रवासी होता. आजार विमानाने आला, झाडावरून उतरला नाही.

प्रश्न : माझं वय ६६. दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. मला मंकीपॉक्सपासून संरक्षण आहे असं समजावं का? नातीला (वय ७) कांजिण्या आल्या तेव्हा सुनेने 'मंकीपॉक्स तर नाही ना' म्हणून घर डोक्यावर घेतलं. (बारामती)

उत्तर : तुमच्या व्रणाबद्दल मला जरा लांबण लावू द्या. माझे वडील जिल्हा परिषदेत व्हॅक्सिनेटर होते; जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांना 'देवीडॉक्टर' म्हणत. सायकल, खाकी पिशवी, पिशवीत दोन टोकांच्या सुया उकळायचं भांडं. लस बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतली. आधी दातेरी चकती दंडावर फिरवायचे, पोरं ती बघूनच ज्वारीच्या रानात पळायची. नंतर ती दोन टोकांची सुई आली. दोन टोकांच्या मध्ये थेंब अडकतो आणि पंधरा वेळा टोचलं की काम झालं.

पण वडिलांचं खरं काम टोचणं नव्हतं, शोधणं होतं. त्यांच्याकडे देवी आलेल्या एका मुलाच्या फोटोचं कार्ड होतं. ते बाजारात, शाळेत, पाणवठ्यावर दाखवायचं आणि विचारायचं : असं कुणाला पाहिलंत का? शेवटी शेवटी तर रुग्ण दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं. त्या काळी हजारात बैल यायचा, त्यामुळे लोक कांजिण्याची पोरं पाठुंगळीला मारून आमच्या दारात आणत. वडील प्रत्येकाचे तळहात, तळपाय बघत आणि परत पाठवत.

अशाच शोधात मंकीपॉक्स माणसात सापडला. १९७० साली, काँगोतल्या बासांकुसू भागात, नऊ महिन्यांच्या एका बाळाला देवीसारखे फोड आले. खपल्या मॉस्कोच्या प्रयोगशाळेत गेल्या, आणि देवी नाही, माकडात सापडलेला तो विषाणू आहे असं निघालं. घरात देवीची लस न मिळालेलं तेवढं एकच मूल होतं. ते यातून बरं झालं आणि लगेच गोवराने गेलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण या आजाराच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त टोचणारी ओळ हीच आहे.

तर लस देवीची, आणि अडवलं तिने चुलतभावालाही. १९८० च्या दशकात काँगोत रुग्णांच्या घरच्यांची पाहणी झाली, तेव्हा देवीची लस घेतलेल्यांना सुमारे ८५ टक्के संरक्षण असल्याचं दिसलं. पण हा आकडा आज तुमच्या दंडाला लावू नका. त्या लोकांना लस घेऊन थोडीच वर्षं झाली होती, तुम्हाला पन्नासच्या वर. काही संरक्षण उरलेलं असतं, विशेषतः आजार गंभीर होण्यापासून, पण त्याला कवचकुंडलं समजू नका. तुमच्या मुलाच्या दंडावर व्रण असेल तर तो बीसीजीचा, क्षयाच्या लशीचा. आपल्याकडे देवीचं लसीकरण १९७० च्या दशकाच्या अखेरीला थांबलं. त्यानंतर जन्मलेली सगळी पिढी या बाबतीत कोरी आहे.

आणि मेख तिथेच आहे. देवी गेली म्हणून लस थांबवली, ते बरोबरच केलं. १९८१ ते ८६ मध्ये काँगोत अगदी बारकाईने शोध घेऊन ३३८ रुग्ण सापडले, साखळी आपोआप तुटते असं दिसलं, आणि शोधणारे घरी गेले. पुढे २००५ नंतर अमेरिकी साथरोगतज्ज्ञ अ‍ॅन रिमॉइन आणि काँगोतल्या सहकाऱ्यांनी मध्य काँगोत पुन्हा मोजलं, तेव्हा प्रमाण तीस वर्षांपूर्वीच्या वीसपट निघालं. कोरी पिढी वाढत गेली आणि विषाणूला रान मोकळं मिळालं. याची बातमी आपल्याकडे कुणी छापली नाही. छापली असती तरी वाचली असती का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

आता नातीबद्दल. कांजिण्या देवीच्या घराण्यातल्या नाहीतच, त्या नागिणीच्या. कांजिण्यांत अंगावर एकाच वेळी पुरळ, पाणीदार फोड आणि खपली असं सगळं दिसतं, जास्त पोटा-पाठीवर, आणि खाज फार. मंकीपॉक्सचे फोड टणक, खोल, मध्ये बेंबीसारखा खळगा, एका भागातले बहुधा एकाच अवस्थेतले, तळहात-तळपायांवरही येतात. आणि मानेत, काखेत किंवा जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठी सुजतात. ही खूण देवीतही नव्हती. २०२२ नंतर मात्र एखाद-दुसराच फोड, तोही जननेंद्रियावर, असे रुग्ण पुष्कळ दिसले. त्यामुळे शंका असेल तर चाचणीच. सुनेला रागावू नका.

प्रश्न : आम्हाला शिकवतात की डीएनए विषाणू सावकाश बदलतात. मग मंकीपॉक्स इतका कसा बदलला? आणि तो माणसातून माणसात फिरतोय हे नुसत्या जीनोमवरून कसं ओळखलं? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : शाब्बास. या एका पत्रासाठी मी सदर चालवते.

शिकवलं ते बरोबर आहे. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. या विषाणूचा सगळा मजकूर, म्हणजे जीनोम, सुमारे १ लाख ९७ हजार अक्षरांचा. नक्कल करायची यंत्रणा तो सोबत घेऊन येतो, पेशीच्या केंद्रकात शिरतही नाही, आणि नक्कल करताना चुका तपासतो. वर्षाला एखाद-दुसरं अक्षर बदलावं, अशी अपेक्षा. पण मे २०२२ मध्ये पोर्तुगालच्या शास्त्रज्ञांनी युरोपातल्या साथीचा विषाणू वाचला आणि २०१८ च्या नायजेरियन विषाणूशी ताडला, तर सुमारे पन्नास अक्षरांचा फरक!

शिवाय बदल कसेही झालेले नव्हते. बहुतेक ठिकाणी 'टीसी'चं 'टीटी' झालेलं, किंवा उलट बाजूने वाचलं तर 'जीए'चं 'एए'. एखाद्या मुद्रितशोधकाला ठरावीक शब्द दिसला की खोडायची खोड असावी तसं. ही खोड विषाणूची नाही, आपली आहे. माणसाच्या पेशीत अ‍ॅपोबेक-३ नावाची विकरं असतात. शिरलेल्या विषाणूचा डीएनए बिघडवण्यासाठी ती 'सी' या अक्षरावर घाव घालतात. काही विषाणू मरतात, काही तो घाव अंगावर घेऊन पुढच्या माणसात जातात. जुन्या जकात नाक्यावर ट्रकच्या पावतीवर शिक्का बसायचा, तसा माणसाच्या अंगातल्या मुक्कामाचा हा शिक्का. प्राण्यातून थेट आलेल्या विषाणूंवर त्याची अशी रांग दिसत नाही. साधारण वर्षाला सहा शिक्के, या हिशेबाने मागे मोजत गेलं की २०१६ च्या आसपास पोचतो. म्हणजे जगाने २०२२ मध्ये ओरडा केला, तेव्हा हा विषाणू माणसामाणसांतून सहा वर्षं फिरत होता.

कुणालाच कळलं नव्हतं का? कळलं होतं. नायजेरियातल्या बायेल्सा राज्यात २०१७ साली डॉ. दिमिए ओगोइना यांच्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. देशात जवळपास चाळीस वर्षांनी दिसलेला रुग्ण. पाठोपाठ तरुण पुरुष आले, त्यांच्यात अनेकांना जननेंद्रियांवर फोड. हा आजार शरीरसंबंधातूनही पसरत असावा, असं ओगोइनांनी तेव्हाच मांडलं. पण बायेल्सातल्या डॉक्टरचं म्हणणं लंडनला रुग्ण सापडेपर्यंत कुणी मनावर घेतलं नाही. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं, हा काव्यगत न्याय.

आणखी एक गोष्ट, कारण तू उद्या पीसीआर करणार आहेस. विषाणूचे दोन मुख्य गट : मध्य आफ्रिकेतला क्लेड १, पश्चिम आफ्रिकेतला क्लेड २. २०२३ च्या सप्टेंबरात काँगोच्या पूर्वेला, कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात, खाणकामगार आणि देहविक्रय करणाऱ्या बायांमध्ये साथ उठली. नमुने देवीच्या सगळ्या घराण्याला लागू पडणाऱ्या चाचणीत पॉझिटिव्ह, पण क्लेड १ च्या नेमक्या चाचणीत निगेटिव्ह. चाचणी ज्या तुकड्यावर बेतली होती, नेमका तोच तुकडा या विषाणूने गाळलेला! संपूर्ण जीनोम वाचल्यावर कळलं, ही नवी शाखा आहे. तिला १-बी म्हणतात. म्हणून एकाच खुणेवर कधी विसंबू नकोस. ही शाखा सप्टेंबर २०२४ मध्ये केरळात मलप्पुरमलाही आली.

प्रश्न : मी समलिंगी पुरुष आहे. 'हा तुमचाच आजार' असं ऐकून घेतलंय. मला काही झालं तर डॉक्टरांना खरं सांगायची भीती वाटते. औषध किंवा लस तरी आहे का? (नाव नको, पुणे)

उत्तर : तुम्ही लिहिलंत, बरं केलंत. २०२२ च्या साथीत बहुतेक रुग्ण पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष होते, हे खरं आहे आणि ते मी झाकणार नाही. पण काँगोतल्या जुन्या साथींत निम्म्याहून अधिक रुग्ण लहान मुलं, आणि कामितुगात स्त्री-पुरुष दोघं. विषाणूला लागतो तो त्वचेचा निकट स्पर्श. कुणाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २०२२ ची साथ ओसरली त्याच्या श्रेयात मोठा वाटा त्याच समाजातल्या पुरुषांचा आहे. ते लशीच्या रांगांत उभे राहिले, त्यांनी जोडीदार कमी केले, एकमेकांना फोन करून सांगितलं. इतकं शहाणपण आपण करोनात दाखवलं होतं का?

डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा : स्पर्श कधी झाला, पहिला फोड कुठे आला, प्रवास केला का. ३ ते २१ दिवसांत आजार उमटतो, म्हणून तारीख मोलाची. डॉक्टरने नाक मुरडलं तर डॉक्टर बदला, माहिती बदलू नका. शेवटची खपली पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत वेगळं राहायचं, आणि बरं झाल्यावरही बारा आठवडे कंडोम.

औषधाची कहाणी थोडी कडू आहे. टेकोव्हिरिमॅट देवीसाठी बनलं, पण देवी जगात नाही; म्हणून २०१८ मध्ये अमेरिकेने ते माकडं आणि सशांवरच्या प्रयोगांवरून मंजूर केलं. माकडांत उत्तम चाललं. काँगोत ५९७ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निकाल ऑगस्ट २०२४ चा : औषध घेतलेल्यांचे फोड लवकर बरे झाले नाहीत. पण त्या चाचणीत औषध मिळो वा न मिळो, मृत्यू १.७ टक्केच, जेव्हा काँगोत एरवी ते ३.६ टक्के किंवा जास्त असत. फरक कशाने पडला? रुग्णालयात दाखल करून घेतलं, पाणी आणि पोषण दिलं, जखमा स्वच्छ ठेवल्या. मला या निकालाने निराश केलं नाही, उलट वडिलांच्या पिढीचं काम आठवलं.

लस आहे. अंकारातला देवीच्या लशीचा विषाणू (व्हॅक्सिनिया) म्युनिकमध्ये कोंबडीच्या पेशींत पाचशे सत्तरहून अधिक वेळा वाढवला, तेव्हा माणसाच्या अंगात वाढायची त्याची ताकदच गेली. त्यापासून बनलेली लस, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. ती बनवणाऱ्या डॅनिश कंपनीने २०२४ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान देण्याचा करार केला. आपल्याकडे सरसकट लसीकरण मात्र नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आणीबाणीही उठवली गेली.

प्रश्न : म्हशीच्या सडांवर फोड आलेत, धार काढताना माझ्या बोटांवरही आले. लम्पी आहे की मंकीपॉक्स? (तासगाव तालुका)

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. लम्पी त्याच घराण्याचा, पण जनावरांपुरता. माणसाला होत नाही. तुमच्या वर्णनावरून मला म्हशींच्या देवीचा संशय येतो. २००९ साली पश्चिम महाराष्ट्रात त्याची साथ येऊन गेली, धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड, ताप, काखेत अवधाण. त्या वेळी एका रुग्णालयाने आमच्याकडे एका गवळ्याच्या फोडाची सुंदर, पूर्ण खपली पाठवली, फॉर्मॅलिनमध्ये बुडवून! विषाणू जागेवर ठार. तो गवळी पुन्हा आला नाही, आणि मी आठवडाभर चिडचिडी होते.

गंमत अशी की हा विषाणू देवीच्या लशीतल्या विषाणूचा सख्खा वाटावा इतका जवळचा आहे. बेळगावला लस जनावरांच्या कातडीवर वाढवत. लस टोचलेल्या दंडांवरून कधीतरी हा विषाणू गोठ्यात शिरला असावा, असं एक मत आहे. खरं असेल तर तुमच्या म्हशीच्या सडावर आमच्या वडिलांच्या पिशवीतलंच काहीतरी आहे.

आजारी म्हशीची धार सगळ्यांत शेवटी काढा, हातमोजे घालून. नंतर साबणाने हात धुवा, दूध उकळूनच प्या. बोटं डॉक्टरांना दाखवा आणि म्हैस पशुवैद्यांना. नमुना त्यांना घेऊ द्या : कोरड्या, निर्जंतुक नळीत, बर्फावर, फॉर्मॅलिन नको. आणि पोस्टाने माझ्याकडे तर मुळीच नको.